शर्यतीचा घाट आणि आश्रयदाता

आपल्या समीक्षेत 'घाट' हा शब्द कलाकृतीच्या आकारासाठी रूढ आहे. पुण्याकडे बैलगाडा ज्या वाटेवरून धावतो तिलाही घाटच म्हणतात. हा योगायोग मला फार दिवस खुणावीत आला आहे. शर्यत हीही एक रचनाच. तिला आरंभ आहे, उत्कर्ष आहे, नायक आहे आणि तिची पारख असलेला रसिक आहे. मग आश्रयदात्याच्या पैशाने तिच्या घाटाचे काय होते, हा प्रश्न टीकाकाराने विचारला तर त्यात वावगे ते काय?

आमच्या विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. वर्धेच्या शेजारी, अमरावती जिल्ह्यातले तळेगाव दशासर पटासाठी प्रसिद्ध आहे. जोडी सुटते, अंतर ठरलेले असते आणि घड्याळ सेकंद मोजते. माझ्या लहानपणी आमच्या गावी पट भरवणारा गृहस्थ गावचाच असे आणि त्याची स्वतःची जोडीही त्याच पटात धावे. हरली तर चारचौघांत हरे. त्याचा मोठेपणा असा पणाला लागलेला असल्यामुळे त्याने दिलेल्या बक्षिसाला एक प्रकारची अदब होती.

सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014 च्या निकालाने शर्यती थांबल्या. 16 डिसेंबर 2021 ला महाराष्ट्रात सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरवला. पट परतला, पण नव्या यजमानांना घेऊन. गेल्या हिवाळ्यात एका पटाला गेलो होतो. लाउडस्पीकरवर आधी बक्षीस देणाऱ्याचे नाव, मग त्याच्या दुकानाचे, मग पुढाऱ्याचे. बैलांची नावे आली तेव्हा जोडी निम्म्यावर पोचली होती. शेजारचे म्हातारबुवा म्हणाले, "मास्तर, बैल कोनाचे हायेत थे नाई सांगत, फटफटी कोनं देल्ली थेच सांगून रायला!"

म्हातारबुवांचे हे वाक्य मनात घोळत असता मला एका परमुलखातल्या शर्यतीची आठवण झाली. कारण तिथे एकाच आश्रयदात्याची तेहेतीस हंगामांची कारकीर्द, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आपल्याला पाहता येते. अमेरिकेतली 'स्टॉक कार' म्हणजे दिसायला रस्त्यावरच्या साध्या मोटारीसारखी शर्यतीची गाडी. चोरट्या दारूची ने-आण करताना पोलिसांना हुलकावणी देण्यात तरबेज झालेले कित्येक हात या खेळात उतरले. बिल फ्रान्स यांनी 1948 साली 'नॅस्कार' ही संस्था उभी केली. जत्रेच्या मैदानांवर, मातीच्या पट्ट्यांवर हा खेळ वाढला. आपल्या पटाशी त्याचे गोत्र जुळते ते इथे.

2 जानेवारी 1971 पासून तिथल्या दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. आर. जे. रेनॉल्ड्स या कंपनीजवळ पैसा होता, पण तो ओतायला जागा उरली नाही. दारूच्या भट्टीपायी तुरुंग पाहिलेला शर्यतवीर ज्युनियर जॉन्सन आपल्या गाडीपुरती मदत मागायला गेला. कंपनीची ऐपत पाहून त्याने तिला फ्रान्सकडे धाडले. पुढे 2003 पर्यंत त्या सबंध मालिकेला 'विन्स्टन' या सिगारेटचे नाव होते.

नावाबद्दल माझी तक्रार नाही. राजाच्या नावे ग्रंथ अर्पण करण्याची चाल आपल्याकडेही जुनीच. पण 1972 साली काय झाले पाहा. वर्षाच्या 48 शर्यतींच्या 31 झाल्या. 250 मैलांहून लहान शर्यती गळाल्या, आणि त्यांच्याबरोबर कितीतरी लहान गावे. मातीवरची अखेरची शर्यत 30 सप्टेंबर 1970 रोजी रॅले येथे झाली होती. ती रिचर्ड पेटीने जिंकली. नव्या वेळापत्रकात मातीला जागाच राहिली नाही. कंपनी कंजूष नव्हती; बक्षिसे तिने वाढवली, लहान पट्ट्यांच्या भिंतींना आपला तांबडा-पांढरा रंगही पुरवला. पण कुठले प्रकरण ठेवायचे नि कुठले गाळायचे, हे आता ग्रंथ ज्याला अर्पण झाला तोच सुचवू लागला होता. मला आश्रय आणि संपादन यांतली ही सीमा महत्त्वाची वाटते. सिगारेटच्या विषापेक्षाही मी इथे अडखळतो, हे कोणाला विचित्र वाटेल.

मला ती सीमा अनुभवाने ठाऊक आहे. एका दिवाळी अंकात माझी कथा छापली गेली ती शेवटचा दीड रकाना गाळून. ऐनवेळी एक जाहिरात आली होती. नायिका माहेरच्या दारात उभी, आणि खाली सुगंधी तेल. बिदागी मात्र ठरल्याहून जास्त मिळाली. ती मी घेतली, हेही सांगायला हवे.

विन्स्टन गेल्यावर टेलिफोनच्या कंपन्या आल्या, मग एक पेयवाली आली आणि 2020 पासून त्या चषकाला एकाच कंपनीचे नाव राहिले नाही. मार्च 2021 मध्ये ब्रिस्टलच्या काँक्रीटच्या पट्ट्यावर मालमोटारींनी माती आणून टाकली आणि पन्नास वर्षांनी चषकाची शर्यत मातीवर धावली. तिला नाव दिले होते एका किराणा दुकानांच्या कंपनीचे.