'वाडा चिरेबंदी' : वार्धक्य, स्मृती आणि वाचकाच्या अपेक्षा

कोणत्याही कलाकृतीकडे वाचक रिकाम्या मनाने येत नाही. आधीच्या वाचनातून घडलेले अपेक्षांचे क्षितिज तो सोबत आणतो, हा हान्स रॉबर्ट यॉस या जर्मन समीक्षकाचा विचार मराठी समीक्षेला अपरिचित नाही. वार्धक्याच्या चित्रणाबाबत मराठी वाचकाचे हे क्षितिज बव्हंशी 'नटसम्राट'ने (१९७०) घडविले, असे म्हणता येईल. सर्वस्व मुलांना देऊन टाकणारे अप्पासाहेब बेलवलकर आणि त्यांची अवहेलना करणारी मुले हा साचा इतका रुजला, की घरातील वृद्धाची कथा हाती आली की वाचक प्रथम अपराधी कोण ते शोधू लागतो.

महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. विदर्भातील धरणगावच्या देशपांडे घराण्यातील तात्याजी निवर्तले आहेत आणि मुंबईला स्थायिक झालेला सुधीर पत्नीसह दिवसांसाठी घरी येतो, येथून नाटकाचा आरंभ होतो. या नाटकात फारसे काही घडत नाही, असे प्रथम वाचनात वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः घडते पुष्कळ. रंजू पळून जाते, दागिने जातात, वाटण्यांवरून भावाभावांत बोलाचाली होते. परंतु अपराधी सापडत नाही. सुधीर स्वार्थी म्हणावा, तर त्याची मुंबईतील ओढाताण खोटी नाही. भास्कर अप्पलपोटा म्हणावा, तर गावात राहून वाड्याचे ओझे वाहिले ते त्यानेच.

या शोधाला सर्वांत मोठा धक्का बसतो तो प्रभेपाशी. प्रभेला शिकायचे होते. तिला शिकू दिले नाही ते ज्यांच्यासाठी घर सुतकात आहे त्या तात्याजींनी. वडिलधाऱ्यांविषयीची सहानुभूती घेऊन आलेल्या वाचकाची येथे कोंडी होते. आठवण ही कुटुंबाला बांधून ठेवणारी गोष्ट, असे सहसा गृहीत धरले जाते. या घरात मात्र प्रत्येकाचे तात्याजी वेगळे आहेत आणि कोणाचेच खोटे नाहीत. त्यातच थोरली आजी पुन्हा पुन्हा वेळ विचारत राहते. तिच्या वार्धक्यात करुण भाषण नाही, तक्रार नाही, कोणावर ठपका नाही. रडू यावे अशी जागा लेखकाने ठेवलेली नाही, आणि वाचकाला जाणवणारी अस्वस्थता नेमकी तेथून येते.

अध्यापनात मात्र ही अस्वस्थता लवकर मिटविली जाते. 'सरंजामशाहीचा ऱ्हास' हे सूत्र सांगितले, अंगणातील गंजलेला ट्रॅक्टर त्याचे प्रतीक ठरविला, की नाटक 'शिकवून' होते! सूत्र चुकीचे नाही. परंतु ऱ्हास या शब्दाने प्रभेचे वाया गेलेले आयुष्य झाकले जाते आणि वहिनी एका रात्री घराण्याचे सारे दागिने अंगावर चढविते त्या प्रसंगाला जागाच उरत नाही. शिक्षण वा नोकरीसाठी गाव सोडून छत्रपती संभाजीनगरात स्थिरावलेल्या मराठवाड्यातील घरांतून आलेला विद्यार्थी हे नाटक वाचतो, तेव्हा सुधीर त्याला केवळ पात्र वाटण्याचे कारण नाही. त्याचे वडील कदाचित सुधीर असतील, आत्या प्रभा. हे वाचन वर्गात बोलले जाण्याऐवजी उत्तरपत्रिकेत सरंजामशाही येते.

चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ साली 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही तिन्ही नाटके सलग, सुमारे नऊ तासांच्या प्रयोगात सादर केली. या दिग्दर्शकाची घडण औरंगाबादच्या 'जिगीषा' संस्थेत झालेली, हे येथे नोंदविण्याजोगे आहे. एका बैठकीत तीन पिढ्या पाहणाऱ्या प्रेक्षकाला पहिल्या भागातील पोरगेला पराग पुढे घराचा कर्ता झालेला दिसतो. अभ्यासक्रमात बहुधा पहिलेच नाटक नेमले जाते, त्यामुळे विद्यार्थ्याला तो पराग कधी भेटत नाही.