'मंत्रमुग्ध' : एक शब्दविचार

अमरावती-अकोल्याकडील धम्मप्रवचनांच्या वृत्तांतांत 'श्रोते मंत्रमुग्ध झाले' असे वाक्य वाचावयास मिळते. त्यामागील भाव आदराचा आहे. शब्द मात्र धम्माशी विसंगत आहे.

'मोह', 'मूढ' आणि 'मुग्ध' हे तिन्ही शब्द 'मुह्' या एकाच संस्कृत धातूपासून सिद्ध झाले. मराठीत 'मुग्ध' शब्दाला गोडवा आला आणि 'मोह' म्हणजे आकर्षण असा अर्थ रूढ झाला. पालीत आसक्तीला 'लोभ' म्हणतात. 'मोह' म्हणजे यथार्थ न कळणे. ते एक अकुशलमूल होय.

गौतम 'आवट्टनी माया' जाणतो, म्हणजेच भुरळ घालून लोकांना वळवतो, हा तर विरोधकांचा आरोप होता. अंगुत्तरनिकायात भद्दिय लिच्छवी त्याविषयी विचारतो, तेव्हा भगवान त्याला ऐकिवावर न विसंबता स्वतः पारखण्यास सांगतात. मज्झिमनिकायात शरण आलेल्या उपाली गृहपतीलाही ते आधी नीट विचार करावयास सांगतात.

मग तो आरोप आपण गौरव म्हणून का मिरवावा? येवल्याची घोषणा १९३५ची, नागपूरची दीक्षा १९५६ची. मधली २१ वर्षे बाबासाहेबांनी शोधात घालविली. भुरळ पडलेला मनुष्य इतका थांबत नाही. प्रवचनाने श्रोते 'जागे झाले' असे लिहावे. 'बुद्ध' शब्दाचा अर्थही तोच आहे.