‘स्मृतिचित्रे’मधील सोवळे आणि नियमशास्त्राचा प्रश्न

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (1934–37) या आत्मचरित्राचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने प्रांजळ निवेदन व विनोद या अंगांनी केला आहे. त्यातील एक धर्मशास्त्रीय प्रश्न मात्र तुलनेने उपेक्षित राहिला. ख्रिस्ती व्यक्तीने मोशेच्या नियमशास्त्रातील आहार, शुद्धी, सुंता इत्यादी विधी पाळावेत काय, हा तो प्रश्न होय. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) ख्रिस्ती समाजात तो सुंतेच्या रूपाने नव्हे, तर सोवळ्याच्या रूपाने अवतरला.

मुळात हा वाद पंक्तीचाच होता. अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवणारा पेत्र यरुशलेमहून माणसे येताच पंक्तीतून मागे सरला. पौलाने त्याला तोंडावर दोष दिल्याचे गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नमूद आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ (अध्याय 15) सांगते त्याप्रमाणे यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीयांवर सुंता लादली नाही. मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गुदमरून मारलेले प्राणी आणि जारकर्म एवढेच वर्ज्य ठरविले. तथापि यहुदी ख्रिस्ती लोकांनी आपले विधी टाकावेत, असेही ती सभा म्हणाली नाही. ही दुसरी बाजू सहसा विसरली जाते.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना नेमकी तीच आठवते. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या काळात ख्रिस्ती पतीच्या सहवासात परतल्यावरही त्यांनी स्वयंपाक व पाणी वेगळेच ठेवले. त्यांचे सोवळे कोणत्याही प्रवचनाने सुटलेले नाही. माणसामाणसांतील भेद ईश्वरनिर्मित नाही, हे त्यांच्या मनाला पटले आणि सोवळे गळून पडले, बाप्तिस्मा त्यानंतरचा. पौलाला जे तर्काने सिद्ध करावे लागले, ते येथे चुलीपाशी घडते.

परंतु या साम्यावरून सोवळे म्हणजेच नियमशास्त्र, असे समीकरण मांडणे सदोष ठरेल. लेवीय पुस्तकातील अशुद्धता याजकालाही लागते, बहुधा स्नानाने व सूर्यास्ताने फिटते. जातीचा विटाळ जन्माने चिकटतो, तो फिटत नाही. शिवाय त्याच पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय परक्यावर स्वतःसारखी प्रीती करण्यास सांगतो. नियमशास्त्र पाळणारा मराठी समाज कोकणात होताच. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलांना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद शिरला होता, हे खरे; पण तो मोशेकडून नव्हे, भोवतालच्या समाजरचनेतून आला असे मानणेच अधिक सयुक्तिक होय. या फरकाकडे दुर्लक्ष केल्यास जातीचे पाप यहुदी धर्माच्या माथी मारले जाते.

ख्रिस्ती मंडळ्यांनी तरी नियमशास्त्र सर्वस्वी कुठे सोडले? दहा आज्ञा मुलांकडून आजही पाठ करून घेतल्या जातात. त्यांतील शब्बाथाची आज्ञा मात्र बहुतेकांनी रविवारावर नेली. पुण्यात औंध येथे स्पायसर ही ज्यांची शिक्षणसंस्था आहे, ते सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट शनिवारच पाळतात व डुकराचे मांस वर्ज्य मानतात. तरी तारण कृपेनेच होते, अशी त्यांची श्रद्धा आहे. नियम पाळणे आणि नियमावर तारण टांगणे यांतील हे अंतर ‘स्मृतिचित्रे’च्या कक्षेत येत नाही. लक्ष्मीबाईंसमोर उभा असलेला नियम माणसाला पंक्तीतून उठविणारा होता. त्याचा निकाल त्यांनी लावला, इतर नियमांचा नाही.