त्रेपन्नांतला एक क्षार

रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी उलटून पाहिली, तर पुष्कळदा ‘ॲम्लोडिपिन बेसिलेट’ हे नाव दिसते. यातल्या ‘बेसिलेट’ या शेपटावरून फायझर विरुद्ध ॲपोटेक्स हा खटला झाला. अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाचा २२ मार्च २००७ चा निकाल मी रसायनशास्त्राची पदवी नसताना, शब्दकोश जवळ ठेवून वाचला. तो पटला, त्याची एक कडी मात्र कच्ची वाटली.

ॲम्लोडिपिनचे मूळ पेटंट फायझरकडे होतेच. पण त्याचा मॅलिएट क्षार गोळ्या पाडताना यंत्राला चिकटे, शिवाय टिकतही नसे. कंपनीच्या रसायनज्ञाने सात पर्याय निवडले. त्यांतला बेसिलेट सोयीचा ठरला आणि त्यावर वेगळे पेटंट मिळाले. ते दावे न्यायालयाने ‘स्वयंस्पष्ट’ म्हणून अवैध ठरवले. एक आधार होता १९७७ च्या आढावा-लेखाचा. त्यात औषधांसाठी मान्य अशा ५३ ऋणायनांची यादी होती. तीत बेसिलेटचा वापर अवघा ०.२५ टक्के.

फायझरचे म्हणणे, क्षाराचे गुण आधी सांगता येत नाहीत, करूनच पाहावे लागते. न्यायालयाचे उत्तर, खात्री लागत नाही. यशाची वाजवी अपेक्षा पुरे. हे तत्त्व योग्यच. पण ५३ वरून मूठभरांवर येताना न्यायालयाने संशोधकाच्या स्वतःच्या साक्षीचाही आधार घेतला. प्रश्न तर सामान्य कुशल रसायनज्ञाला काय सुचले असते, हा आहे. शोधणाऱ्याच्या पाऊलखुणा पाहून ‘वाट होतीच की’ म्हणणे हे मागाहूनचे शहाणपण झाले.

तरी निकाल चूक नाही. बेसिलेट क्षार आधीच्या पेटंटांत आलेला होता. मॅलिएटची अडचण कळल्यावर क्षार बदलून पाहणे ही त्या व्यवसायाची रीतच. दिशा जुन्या कामानेच दाखवली असेल, तर उरते ती पडताळणी. तिला कष्ट पडतात, पण ती शोध नव्हे. निकाल एवढ्यावरच उभा राहिला असता.

ही कडी पक्की असायला हवी. ती सैल राहिली, तर मूळ रेणूचे पेटंट संपल्यावरही क्षाराच्या नावाने मक्तेदारी चालू राहते आणि भुर्दंड रुग्णाला पडतो. उलट, उत्तर पाहून प्रत्येक कोडे सोपे ठरवले, तर खरा शोधही त्यात मारला जाईल.