पाळण्यातले पाय आणि बर्फावरची पारख

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हणतात. उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकीने या म्हणीवर एक मोठा उद्योगच उभा केला आहे. साधारण जूनच्या अखेरीस नॅशनल हॉकी लीगचे, म्हणजे एनएचएलचे, ३२ संघ सात फेऱ्यांत सुमारे सव्वादोनशे तरुणांवर आपापला हक्क नोंदवतात. यालाच ड्राफ्ट म्हणतात. बहुतेक मुले अठरा वर्षांची असतात. मिसरूडही नीट न फुटलेल्या पोराकडे बघून, हा पंचविसाव्या वर्षी कसा खेळेल, याचे भाकीत करायचे असते. आपल्या मंडळातल्या कित्येक घरांतली मुले आता भल्या पहाटे रिंकवर जातात आणि आईवडील कॉफीचा कप हातात धरून काचेबाहेर कुडकुडत उभे असतात. त्यामुळे हा विषय आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही.

या भाकितात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो रशियन मुलांच्या बाबतीत. या गोंधळाचे मूळ मला एका साध्या चुकीत दिसते. मुलगा किती चांगला आहे हा एक प्रश्न, आणि तो इकडे कधी येईल, येईल की नाही, हा दुसरा. पारखी मंडळी या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच आकड्यात मिसळून टाकतात. ‘रशियन फॅक्टर’ असा एक शब्द त्यासाठी रूढ झाला आहे. तो उच्चारला की पुढचा विचार करण्याची गरज उरत नाही, हीच त्याची सोय आणि हाच त्याचा दोष.

ताजे उदाहरण घेऊ. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये मात्वेई मिचकोव्ह हा त्या वर्षीच्या सर्वांत कुशल आक्रमकांपैकी एक मानला जात होता. पण सेंट पीटर्सबर्गच्या एसकेए या क्लबशी त्याचा करार २०२६ पर्यंतचा होता. सहा संघांनी त्याला वगळले आणि सातव्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने घेतले. पाचव्या क्रमांकावर माँट्रियलची पाळी होती. त्यांनी डाव्हिड राइनबाखर हा ऑस्ट्रियन बचावपटू निवडला. पुढच्याच वर्षी माँट्रियलची पाळी पुन्हा पाचवी होती. या वेळी त्यांनी त्याच एसकेएचा इव्हान डेमिडोव्ह घेतला. अनेक जाणकारांच्या यादीत तो दुसरा होता. त्याचा करार २०२५ मध्येच संपणार होता. माँट्रियलच्या मनात काय होते ते त्यांनाच ठाऊक, आणि बचावपटूची गरज हेही खरे कारण असू शकते. पण दोन्ही मुले बाहेरून पाहणाऱ्याला जेवढी सारखी दिसत होती, तेवढे त्यांचे करार सारखे नव्हते.

पुढे काय झाले? मिचकोव्हचा करार दोन वर्षे आधीच सुटला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेत दाखल झाला. पहिल्या मोसमात ८० सामन्यांत २६ गोल आणि एकूण ६३ गुण. त्या मोसमात कोणत्याही नवोदिताने त्याच्याहून अधिक गोल केले नाहीत. डेमिडोव्हही एप्रिल २०२५ मध्ये माँट्रियलला आला आणि पहिल्याच सामन्यात एक गोल करून दुसऱ्याला साहाय्य केले. एका सामन्यावरून कोणाच्या गळ्यात हार घालू नये हे खरे. तरीही ‘येणारच नाही’ म्हणून ज्यांच्याकडे संशयाने पाहिले, ते दोघेही आले, एवढी नोंद करायलाच हवी.

आता गुणांकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. २०२३-२४ मध्ये रशियाच्या युवा लीगमध्ये डेमिडोव्हने ३० सामन्यांत ६० गुण मिळवले. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण तिथे समोर मुलेच असतात, आणि एसकेएचा युवा संघ स्वतःच तगडा. शिवाय वयाचा एक बारकावा आहे. ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबर ही सीमारेषा असते. मिचकोव्ह ९ डिसेंबर २००४ चा, डेमिडोव्ह १० डिसेंबर २००५ चा. म्हणजे आपापल्या तुकडीत दोघेही वयाने थोरल्यांतले. उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलाच्या मानाने त्यांना वाढायला सहा-आठ महिने जास्त मिळाले होते. अठराव्या वर्षी सहा महिने म्हणजे थोडेथोडके नव्हेत. चांगल्या पारख्याने एवढी वजावट करायलाच हवी.

दुसरा आकडा याच्या उलट फसवतो. रशियात मोठ्यांच्या लीगमध्ये, केएचएलमध्ये, तरुणाला बर्फावर किती मिनिटे मिळतील हे त्याच्या पायांपेक्षा प्रशिक्षकाच्या मर्जीवर ठरते. बलाढ्य क्लबला जिंकायचे असते. आणि जो मुलगा लवकरच परदेशी जाणार, त्याच्यावर मिनिटे कशाला खर्च करायची, असा हिशेबही असतो. मिचकोव्हला एसकेएने सोचीसारख्या दुबळ्या संघाकडे धाडले आणि तिथेच त्याला खेळायला मोकळीक मिळाली. डेमिडोव्ह २०२४-२५ मध्ये काही सामन्यांत बराच वेळ बाकावरच होता, तरीही त्याने ६५ सामन्यांत ४९ गुण केले. वीस वर्षांखालील खेळाडूचा केएचएलमधला तो विक्रम ठरला. कमी गुण दिसले की आधी विचारावे: दार कोणाच्या हातात होते?

या खेळाचा इतिहास पारख्यांना नम्र व्हायला लावणारा आहे. पावेल दात्स्युक १९९८ मध्ये १७१ व्या क्रमांकावर गेला. त्याआधी दोन वर्षे त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. डेट्रॉइटचा स्वीडिश स्काऊट हाकान आंदेरसोन मुळात दुसऱ्याच तरुणाला पाहायला रशियात गेला होता आणि नजर ठरली ती या सडपातळ मुलावर. दोन स्टॅन्ली कप जिंकून दात्स्युक २०२४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. निकिता कुचेरोव्ह २०११ मध्ये ५८ वा. किरील काप्रिझोव्ह २०१५ मध्ये १३५ वा. पाच वर्षांनी तो मिनेसोटाला आला, २०२१ मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि २०२५ मध्ये त्याने आठ वर्षांसाठी १३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला.

पण दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. निकिता फिलातोव्ह २००८ मध्ये सहावा निवडला गेला, मध्येच मॉस्कोला परतला, आणि एनएचएलमध्ये त्याचे जेमतेम ५३ सामने झाले. नाइल याकुपोव्ह तर आधीपासूनच कॅनडात खेळत होता; येण्याजाण्याचा प्रश्नच नव्हता. २०१२ मध्ये एडमंटनने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले आणि सहा मोसमांत ३५० सामने खेळून तो रशियाला परत गेला. म्हणजे ‘येईल का’ याचे उत्तर होकारार्थी असूनही ‘किती चांगला’ हे चुकलेच. दोन प्रश्न वेगळे ठेवा म्हणतो ते याचसाठी.

धोका खोटा आहे असे मी म्हणत नाही. रशियन क्लबांशी खेळाडू सोडण्याचा करार नसल्याने संघांना वाट पाहावी लागते. २०२२ पासून रशियन संघांना आंतरराष्ट्रीय स्पर्धांची दारे बंद झाली, त्यामुळे या मुलांना स्वीडिश किंवा कॅनेडियन समवयस्कांसमोर ताडून पाहण्याची सोयही गेली. आणि काही गोष्टी तर कोणत्याच पारख्याच्या हातात नसतात. २००७ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने १७ व्या क्रमांकावर निवडलेला अलेक्सेई चेरेपानोव्ह ऑक्टोबर २००८ मध्ये सामना चालू असतानाच कोसळला आणि गेला. तो १९ वर्षांचा होता.

तरीही धोक्याची किंमत वेगळी मांडावी, गुणांची वेगळी. आपल्यापैकी ज्यांनी पुण्या-नागपूरची पदवी आणि दहा वर्षांचा अनुभव घेऊन इथे अर्ज केले, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको. ‘इथला अनुभव नाही’ या तीन शब्दांत आपली हुशारी आणि समोरच्याचे अज्ञान एकाच वजाबाकीत गेले होते. समोरच्याला धोका वाटणे मला समजते. पण त्या धोक्याला आपल्या कुवतीचे नाव देणे हा अन्याय होता. याच अन्यायाचे हॉकीतले रूप म्हणजे तो सोयीस्कर ‘फॅक्टर’.

मग काय पाहावे? यंदा थंडीत टीव्हीवर सामना लागला की गुणफलक थोडा विसरा. पक, म्हणजे ती रबरी चकती, मुलापाशी येण्याआधी त्याची मान वळते का ते पाहा. ज्याला पुढचे आधी दिसते त्याला अंगकाठी कमी असली तरी चालते. वेग किती यापेक्षा वेग बदलतो कसा ते पाहा. डेमिडोव्ह दोन्ही टाचा एकमेकींकडे वळवून, छाती समोर ठेवून आडवा सरकतो, तेव्हा तो आत वळणार की बाहेर हे बचावपटूला शेवटपर्यंत कळत नाही. ही कला रुंद युरोपीय रिंकवरून आपल्या अरुंद रिंकवर आली तरी टिकणारी आहे. आणि चकती हातून गेल्यावर तो काय करतो ते पाहा: पाठलाग करतो, की हात वर करून पंचांकडे बघतो? दात्स्युकचे मोठेपण या तिसऱ्या परीक्षेत होते. बचावात सर्वोत्तम ठरलेल्या आक्रमकाचा पुरस्कार त्याने सलग तीन वर्षे मिळवला.

या तिन्ही गोष्टींसाठी पारपत्र लागत नाही. करार कधी संपतो, व्हिसा कधी मिळतो, हे वकिलांनी पाहावे. पारख्याने पाय पाहावेत.