मंत्रचळावरील रिस्पेरिडोन : एका संशोधनाचे परीक्षण

मंत्रचळाच्या विकारात सेरोटोनिनवर कार्य करणाऱ्या औषधांनी पुरेसा गुण आला नाही, तर जोडीला अल्प मात्रेत मनोविकृतिरोधक औषध देण्याचा प्रघात आहे. त्याचा आधार मात्र लहान चाचण्यांचा. १९९४ मध्ये मॅकडूगल व सहकाऱ्यांना हॅलोपेरिडॉलचा लाभ आढळला, तो प्रामुख्याने आचके असलेल्या रुग्णांत.

या पार्श्वभूमीवर सिम्पसन, फोआ आदींचे २०१३ मधील अमेरिकेतील संशोधन महत्त्वाचे ठरते. मूळ औषध चालू ठेवून १०० रुग्णांची तीन गटांत यादृच्छिक विभागणी करण्यात आली. आठ आठवड्यांनंतर रिस्पेरिडोन घेणाऱ्यांपैकी २३ टक्के, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी १५ टक्के, तर भीतीला सामोरे जाऊन कृती रोखण्याच्या वर्तनोपचाराने ८० टक्के रुग्ण सुधारले. येथे 'सुधारणा' म्हणजे येल-ब्राऊन श्रेणीवर केवळ २५ टक्के घट, हे वाचकाने विसरू नये. लक्षणे अत्यल्प उरलेल्यांचे प्रमाण वर्तनोपचारातही ४३ टक्केच होते.

निष्क्रिय गोळीच्या गटात अवघे २० रुग्ण असल्याने रिस्पेरिडोनचा अल्पसा लाभ नजरेतून निसटणे शक्य आहे. शिवाय वर्तनोपचाराच्या १७ सत्रांत उपचारकाचा जो सहवास लाभला, तो गोळी घेणाऱ्यांना लाभला नाही. तरीही दोहोंतील तफावत एवढ्याने भरून निघत नाही. आपल्याकडे प्रशिक्षित उपचारक दुर्मिळ, गोळी मात्र सुलभ. त्यामुळे गुण न येताही ती वर्षानुवर्षे चालू राहते आणि वजनवाढ तेवढी रुग्णाच्या वाट्याला येते.