विद्या कुणाची?

बेसी डनलप ही स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यातली, डॅल्रीजवळच्या लाइन गावची शेतकऱ्याची बायको. तिचे ८ नोव्हेंबर १५७६ चे आरोपपत्र रॉबर्ट पिटकेर्न यांनी १८३३ साली छापलेल्या फौजदारी खटल्यांच्या संग्रहात आहे. ते प्रथम वाचताना मी अडखळलो तो भुताखेतांपाशी नव्हे, तर सुरुवातीच्याच प्रश्नापाशी. हरवलेल्या वस्तूंचा पत्ता सांगतेस, आजारी माणसांना बरे करतेस, ते कोणत्या विद्येच्या बळावर? बेसी सांगते, माझ्यापाशी कसलीच विद्या नाही. कुणी आले की मी टॉम रीडला विचारते. हा टॉम रीड १५४७ साली पिंकीच्या लढाईत मारला गेला होता.

तो तिला भेटला तेव्हा ती नुकतीच बाळंतपणातून उठली होती. गाई हाकत चालली होती आणि रडत होती. एक गाय मरायला टेकलेली, नवरा आणि तान्हे मूल अंथरुणाला खिळलेले. पिकल्या दाढीच्या, करड्या कोटातल्या, हातात पांढरी काठी घेतलेल्या टॉमने सांगितले, मूल जाईल, नवरा उठेल. पुढे तो तिला वनस्पतीही देऊ लागला. लेडी जॉन्स्टनच्या लेकीला घेरी येई. तिच्यासाठी बेसीने कडक एलमध्ये लवंग, आले, बडीशेपेसारखे बी आणि ज्येष्ठमध उकळून, गाळून, साखर घालून काढा दिला. मोबदला काय, तर मापभर पीठ आणि थोडे चीज. आपल्या आजीच्या बटव्यातही सहज खपून जाईल असा हा काढा!

आणि नेमका इथेच आधुनिक वाचक घसरतो. बार्बरा एरनराइक आणि डिअर्ड्रे इंग्लिश यांच्या १९७३ च्या पुस्तिकेने सुइणी आणि वैदू बायकांचे एक चित्र लोकप्रिय केले. त्या निरीक्षणावर चालणाऱ्या लोकवैद्य होत्या आणि चर्च, सत्ता व पुरुष वैद्य यांना त्या नकोशा होत्या, असे ते चित्र. त्यामागची कळकळ मला मान्य आहे, चित्र मान्य नाही. एडिंबरा विद्यापीठाने २००३ मध्ये पूर्ण केलेल्या सर्वेक्षणात ३,८३७ आरोपींची नोंद आहे. त्यांत उपचार करणाऱ्यांचा वाटा लहान, सुइणींचा तर नगण्य. कित्येकांचे नावापलीकडे काहीच उरलेले नाही, ही मर्यादा धरूनही ‘वैद्यांची कत्तल’ हा सिद्धान्त टिकत नाही.

माझा खरा आक्षेप मात्र आकड्यांचा नाही. बेसीला वनस्पतिशास्त्रज्ञ करण्यासाठी टॉमला पुसून टाकावे लागते. काढा ठेवायचा आणि काढा सांगणारा मेलेला माणूस वगळायचा, म्हणजे तिच्या जबानीतले आपल्याला सोयीचे तेवढेच उचलायचे. काढा कडू की गोड याच्याशी न्यायालयाला कर्तव्य नव्हते. तो कुणी शिकवला, याच्याशी होते. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर परी, पितर, संत या मधल्या सगळ्या जागा पुसल्या गेल्या. उत्तर देवाकडून आलेले नसेल तर ते सैतानाकडूनच आले असणार. बेसीने प्रामाणिकपणे तिसरेच नाव घेतले, आणि त्या नावाला नव्या धर्मशास्त्रात जागाच नव्हती. समासातली नोंद त्रोटक आहे: दोषी, जाळली.

१५६३ च्या कायद्यात चेटूक करणाऱ्याइतकाच सल्ला घ्यायला जाणाराही देहदंडास पात्र होता. कागदावर. फाइफमधल्या ॲलिसन पिअर्सनकडून सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशप पॅट्रिक ॲडमसन यांनी औषध घेतले. १५८८ साली ती जाळली गेली. ॲडमसन यांची विरोधकांनी यथेच्छ टिंगल केली, पण १५९२ साली ते मेले ते आपल्या मरणाने.

एमा विल्बी यांचे २००५ चे पुस्तक टॉमला पुन्हा खोलीत बोलावते, म्हणून ते मला महत्त्वाचे वाटते. बेसीचा अनुभव त्या अनुभव म्हणून वाचतात. पण तिला सायबेरियाच्या शमनांच्या रांगेत बसवायची घाई मला पटत नाही. तिथे लाइन गाव अंधूक होते. टॉम हा कुणी दूरचा आत्मा नव्हे. तो ब्लेअरच्या जमीनदाराचा कारभारी होता, त्याचा मुलगा त्याच्याच नावाने, त्याच्याच जागी काम करत होता.

१५९१ साली मारल्या गेलेल्या ॲग्नेस सॅम्पसनला लोक ज्या नावाने ओळखत, त्याला मराठीत मी ‘कीथची जाणती बाई’ म्हणेन. आपल्या ‘जाणती’ शब्दात आदर आहे आणि किंचित धाकही. खेडे आणि न्यायालय यांच्यात एवढाच शब्द बदलला: जाणती गेली, चेटकीण आली. तिच्या उपचाराचे मुख्य साधन पाला नव्हते, प्रार्थना होती. जुन्या धर्मातली, यमक जुळवलेली.

बेसीने टॉमला डॅल्रीच्या चर्चच्या आवारात पाहिले होते आणि एकदा एडिंबराच्या रस्त्यावरही. चारचौघांसारखा तो वस्तू हाताळत हिंडत होता, तिच्याकडे बघून हसला. ती बोलली नाही; आपण होऊन माझ्याशी बोलायचे नाही, असे त्याने तिला बजावून ठेवले होते.